दाताचं काम झालं, बिल भरलं... पुढं काय?

चकतीवाला

मंडळी नमस्कार. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. सोलापुरातच दातांच्या लॅबमध्ये काम करतो. तुमच्या तोंडात बसते ती कॅप (दातावरचं टोपण), ब्रिज (गेलेल्या दाताच्या जागी शेजारच्या दातांवर बसवलेली जोड) किंवा कवळी बहुतेक वेळा डॉक्टर स्वतः बनवत नाहीत. ते दात घासून तयार करतात, माप घेतात आणि आमच्याकडं पाठवतात. सकाळी दवाखान्यांतून डबे येतात. डब्यात माप आणि चिठ्ठी. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, '४६, झिरकोनिया, शेड ए-३'. म्हणजे खालची उजवी पहिली मोठी दाढ, झिरकोनिया नावाच्या कडक पांढऱ्या पदार्थाची कॅप, आणि रंग आपल्याकडं बहुतेकांचा असतो तसा, जरा पिवळसर. जाहिरातीतला पांढराशुभ्र दात कुणाच्याच तोंडात नसतो. तसली कॅप बनवली तर शेजारच्या दातांत ती लांबून ओळखू येते.

धागा काढायचं कारण म्हणजे परत येणाऱ्या कॅपा. 'कॅप निघाली, नवीन बनवा' अशी चिठ्ठी येते. आम्ही जुनी कॅप हातात घेऊन बघतो तर ती ठणठणीत असते. ना तडा, ना झीज. आतून मात्र काळं, मऊ झालेलं दाताचं भुसकट चिकटून आलेलं असतं, आणि वास असा की मास्क लावूनसुद्धा नको वाटतं. कॅप किडत नाही, तिच्या खालचा दात किडतो. आणि तो वरून नाही, कडेनं किडतो. हिरडीपाशी कॅप संपते आणि तुमचा खरा दात सुरू होतो, ती जागा. आम्ही भिंग लावून त्या कडेवर जितका वेळ घालवतो तितका सगळ्या कॅपवर घालवत नाही. तिथं फट राहू नये म्हणून डॉक्टरचाही जीव जातो. आणि पेशंट घरी जाऊन नेमकी तीच जागा सोडून ब्रश करतो. पावसात डोक्यावर इरलं घेतलं म्हणून पाय भिजायचे राहत नाहीत, तसंच आहे हे.

आता झिरकोनियाबद्दल, कारण हल्ली सगळे तेच मागतात. पांढऱ्या खडूसारखी एक जाड चकती येते. संगणकावर दाताचा आकार आखायचा, मग मशीन ती चकती कोरून कॅप काढतं. त्या वेळी कॅप मुद्दाम खऱ्या मापापेक्षा वीस-पंचवीस टक्के मोठी कोरतात. मग भट्टीत साधारण १५०० अंशांपर्यंत भाजली की आकसून बरोबर मापाला येते आणि दगडासारखी होते. एवढी मजबूत वस्तू आहे. पण तिची मजबुती खालच्या दाताला लागू होत नाही, एवढंच मला सांगायचंय.

तुमचे अनुभव टाका. कुणी डॉक्टर इथं असतील तर माझं चुकलेलं दुरुस्त करा.

होटगीरोडकर

माहिती येक नंबर. पण एक विचारू का दादा, राग मानू नका. माझी आरसीटी म्हणजे रूट कॅनल झाली, ठणका गेला, दाढ गप झाली. डॉक्टर म्हणतात कॅप लावा. नसच काढली तर आता दुखणार काय? कॅप म्हणजे तुमचा आणि त्यांचा धंदा की ओ. बाकी नस काढली की दाढ वाळून ठिसूळ होते म्हणतात, ते खरं का?

चकतीवाला

धंदा आहेच. कॅप विकूनच माझं घर चालतं. त्यामुळं माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, डॉक्टर मंडळींनाच सांगू द्या.

दाढवैद्य

बीडीएस, म्हणजे दातांचा डॉक्टर आहे, प्रॅक्टिस शहरातच. दोन गोष्टी.

'वाळून ठिसूळ होते' हे फार लोक बोलतात, पण खरं कारण वेगळं आहे. आरसीटी लागते म्हणजेच कीड खोलवर गेलेली असते. ती काढायची, मग नसेपर्यंत पोचायला वरून वाट करायची. दाढेची मधली भर गेली, राहिल्या चार भिंती. वरून चावण्याचा जोर आला की त्या बाहेरच्या बाजूला फाकतात. एखाद्या दिवशी फुटाणा नाहीतर खडा लागला की उभी चीर पडते. चीर मुळापर्यंत गेली तर ती दाढ कुणीच वाचवू शकत नाही, काढावीच लागते. कॅप त्या भिंतींना चहूबाजूंनी कवळून धरते. दुखण्याशी तिचा संबंध नाही.

दुसरं, प्रत्येक आरसीटीवर कॅप हवीच असं नाही. पुढच्या दातात छोटंसं भोक पाडून आरसीटी झाली असेल आणि दात बाकी शाबूत असेल, तर नुसत्या फिलिंगवर भागतं. दाढांचं तसं नाही. तुमच्या दाढेत आत्ता तात्पुरतं सिमेंट आहे का कायमचं, ते आधी विचारून घ्या. लवंगेसारखा वास येणारं तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांसाठी असतं. लोक ते घेऊन वर्षभर हिंडतात. ते झिजतं, कडेनं लाळ आत जाते आणि साफ केलेल्या मुळांत पुन्हा जंतू शिरतात. मग सगळं पहिल्यापासून.

आरसीटीनंतर दोन-तीन दिवस चावताना दुखणं चालतं. गाल सुजला, ताप आला किंवा चावताना फक्त तीच दाढ आधी लागते असं वाटलं, तर फोन करा. 'सवय होईल' म्हणून बसू नका. उंच राहिलेलं फिलिंग रंगाचा कागद चावायला लावून, ठिपका बघून पाच मिनिटांत घासता येतं. तसंच ठेवलं तर दाढ महिनाभर ठणकते, आणि लोक म्हणतात आरसीटी फेल गेली.

बाळ्याची_सून

डॉक्टर, सासूबाईंच्या दोन दाढा काढायच्यात. शुगर आहे, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे, आणि मशेरी काही केल्या सुटत नाही. सकाळी मशेरी लावल्याशिवाय त्यांना चहासुद्धा गोड लागत नाही. दाढ काढल्यावर काय काय सांभाळायचं? डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण दवाखान्यात गडबडीत निम्मं डोक्यात राहतं, निम्मं जातं.

दाढवैद्य

ताई, सविस्तर लिहितो, कारण हे बऱ्याच जणांना लागेल.

रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. ज्यांनी ती सुरू केली त्या डॉक्टरांना विचारा, आणि दाढ काढणाऱ्यालाही ती दाखवा. बऱ्याचदा ती चालू ठेवूनच काम होतं, कारण दाढेचं रक्त आम्ही थांबवू शकतो, मेंदूतली किंवा हृदयातली गुठळी नाही. शुगरवाल्यांनी सकाळची वेळ घ्यावी. नाश्ता आणि नेहमीची गोळी घेऊनच यायचं. पुष्कळ जण उपाशी येतात आणि खुर्चीतच चक्कर येते.

दाढ काढली की तिथं कापसाची घडी देतात. ती पाऊण-एक तास घट्ट दाबून धरायची. बोलायचं नाही, सारखं उघडून बघायचं नाही. तोंडात येईल ती लाळ गिळायची, थुंकायचं नाही. थुंकण्यानं किंवा स्ट्रॉनं ओढण्यानं खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून जाते, आणि ती गाठ म्हणजेच त्या जखमेवरची खपली. पहिल्या दिवशी लाळ गुलाबी दिसली तर घाबरू नका. सारखं लाल भडक रक्त येत राहिलं तर नवी घडी करून दाबा आणि फोन करा.

भूल उतरायला दोन-तीन तास लागतात. तोवर काही चावायचं नाही. बधिर ओठ चावून फोडलेली माणसं आम्ही बघतो, त्यात लहान मुलं जास्त. पहिला दिवस थंड आणि मऊ खायचं. ताक-भात, गार केलेली खिचडी, आईस्क्रीम. बाहेरून गालाला बर्फ, कापडात गुंडाळून. आजी लोक गरम विटेचा शेक देतात, तो सुजलेल्या गालाला अजिबात नको. चोवीस तासांनंतर कोमट पाण्यात मीठ घालून चूळ भरायची, तीही खळखळून नाही. तोंडात पाणी घेऊन मान हलवायची आणि आपोआप पडू द्यायचं.

आता मशेरी. जळकी तंबाखूच आहे ती. जखमेला रक्तपुरवठा कमी होतो, बोट सारखं तिथंच जातं, आणि शुगर असताना जखम भरायला आधीच वेळ लागतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी एकदम वाढलं, कानापर्यंत कळ गेली, तोंडाला घाण वास आला, तर रक्ताची गाठ निघून हाड उघडं पडलंय असं समजा. गोळ्या खात बसू नका, सरळ या. खड्डा धुऊन औषधाची पट्टी ठेवली की त्याच दिवशी आराम पडतो. सासूबाईंना जखम भरेपर्यंत तरी मशेरी लांब ठेवायला सांगा. तेवढी सुटली तर पुढचंही बोलता येईल.

आणि हो, दुखऱ्या दाढेवर ॲस्पिरिनची गोळी ठेवू नका. हिरडी भाजून पांढरी पडते.

यंत्रमाग_६२

माझा एक जुना राग आहे. दात साफ करून घेतले, मशीननं, पाणी उडत होतं सगळीकडं. त्यानंतर दातांत फटी पडल्या, पुढचे दात हलायला लागले. आधी चांगले घट्ट होते. आता सांगा, मशीननं दात ढिले झाले का नाही? मी तर गावात सगळ्यांना सांगतो, त्या भानगडीत पडू नका.

दाढवैद्य

काका, हे रोज ऐकतो. किट्टाचा, म्हणजे दगडासारख्या घट्ट झालेल्या मळाचा थर वर्षानुवर्षं दातांच्या मुळाशी साचत राहतो. त्याच्यामुळं हिरडी सुजते आणि खालचं हाड हळूहळू झिजतं. दात धरून ठेवतं ते हाड. थर इतका जाड झालेला असतो की दात एकमेकांना त्यानंच जोडल्यासारखे होतात. आम्ही तो काढला की आतली झीज उघडी पडते. फट आधीच होती, फक्त भरलेली होती. मशीन कंपनांनी दगड फोडतं, दात घासत नाही.

साफ केल्यावर काही दिवस थंड-गरम लागतं, ते होतं. हिरडीची सूज उतरली की दात जरा लांब दिसतात, तेही होतं. सेन्सिटिव्ह पेस्ट वापरायची आणि वर्षातून एकदा तपासून घ्यायचं. हिरडीचा त्रास किंवा शुगर असेल तर सहा महिन्यांनी.

यंत्रमाग_६२

दगडानंच दात घट्ट धरले होते म्हणायचे तर! पटलं असं म्हणत नाही. पण गावात सांगायचं बंद करतो.

शेंगाचटणी

😂 काका, तेवढं पुरे.

माझा प्रश्न ब्रिजचा आहे. मधली दाढ गेली म्हणून तीन दाढांचा ब्रिज बसवला. काम मस्त झालंय. पण जेवणात शेंगाची चटणी आली की त्या मधल्या खोट्या दाढेखाली बारीक दाणा जाऊन बसतो, ब्रशनं निघत नाही. आणि मी चटणी सोडणार नाही, नावच बघा माझं.

चकतीवाला

हे माझ्या खात्यातलं. मधला दात हिरडीवर नुसता टेकलेला असतो, त्याला मूळ नसतं. त्याच्या खालून काहीतरी फिरवल्याशिवाय ती जागा साफ होतच नाही. औषधाच्या दुकानात बारीक बाटली धुवायच्या ब्रशासारखे छोटे ब्रश मिळतात, दातांच्या मधे घालायचे. वेगवेगळ्या जाडीचे येतात. डॉक्टरांना विचारून तुमच्या फटीला बसेल तो घ्या, दाबून घुसवू नका. रात्री जेवणानंतर ब्रिजच्या दोन्ही बाजूंनी एकदा फिरवायचा. टाचणी, काडेपेटीची काडी, सेफ्टी पिन हे सगळं बंद. सेफ्टी पिननं हिरडी फाडून घेतलेले ब्रिजवाले असतात, आणि पुढं ज्या दाढांवर ब्रिज उभा असतो त्या खांबाच्या दाढेला आतून कीड लागते. एक खांब गेला की तिन्ही दाढा गेल्या.

मास्तर_निवृत्त

मी वरची-खालची दोन्ही कवळी लावतो. अनुभवाचे चार शब्द. तरुणांना कंटाळा आला तर सोडून द्या.

नवी कवळी आली की पहिले काही आठवडे असं वाटतं की तोंडात दुसऱ्याचं सामान ठेवलंय. 'स' आणि 'फ' उच्चारताना शिट्टी वाजते. मी घरात मोठ्यानं पेपर वाचायचो. बायको म्हणायची, सगळ्या आळीला बातम्या कळतात. त्यानं जीभ सरावली. खाताना बारीक घास करून दोन्ही बाजूंनी एकदमच चावायचं. एका बाजूनं चावलं की दुसरी बाजू उचलते. पुढच्या दातांनी तोडायचं तर नावच नको. पेरू, भाजलेलं कणीस, सगळं सुरीनं कापून.

सोलापूरकराला खरं दुःख कडक भाकरीचं. पापडासारखी कुरकुरीत भाकरी हातानं मोडून खाण्यात जी मजा, ती कवळीवाल्याला बंद. पण मार्ग आहे. कडक भाकरी चुरून शेंगदाण्याच्या आमटीत टाकायची, वर आणखी गरम आमटी, आणि पाच-सात मिनिटं झाकून ठेवायची. कडा नरम होतात, मधे किंचित कुरकुर राहते. नुसतं नरम खाणाऱ्याला ती किंचित कुरकुर फार मोठी गोष्ट वाटते. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी असेल तर चवीला तोड नाही. हुरडा मात्र बिनघोर खातो, फक्त वरून तिळाची चटणी घालत नाही. तिळाचा एक कण कवळीखाली गेला की डोळ्यांत पाणी.

चकतीवाले, एक विचारायचंय. खालची कवळी आता सैल झाली आहे. नवी करावी का?

चकतीवाला

मास्तर, नमस्कार. 🙏 भाकरीचं वाचून भूक लागली.

दात गेल्यावर जबड्याचं हाड हळूहळू बसत जातं, म्हणून कवळी आपोआप सैल होते. खालची आधी होते. लगेच नवीच लागते असं नाही. आतून नवा थर देऊन तीच पुन्हा बसवता येते. डॉक्टरांना दाखवा, पण कवळी लावूनच जा. खिशात घालून नेली तर हिरडीवर कुठं टोचतं ते दिसत नाही. टोचतंय म्हणून ब्लेडनं किंवा पॉलिश पेपरनं स्वतः घासणारे महाभाग आहेत. तसं केलं तर ती आमच्याकडूनही सरळ होत नाही. मोडली तर सगळे तुकडे आणा, एकसुद्धा टाकू नका. आणि फेविक्विक लावू नका.

रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा, गरम पाण्यात वाकते. टूथपेस्टनं घासू नका, चरे पडतात आणि त्यात घाण बसते. साधा साबण आणि मऊ ब्रश पुरे. धुताना खाली बादलीत पाणी ठेवा, फरशीवर पडली की दोन तुकडे. पाण्याची टंचाई असली तरी त्या वेळेपुरती बादली भरलेली ठेवाच.

होटगीरोडकर

मास्तर, इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचा दात, का करत नाही? आजकाल सगळे तेच करतात. का ते नवीन फॅड आहे, दहा वर्षांनी कळंल?

दाढवैद्य

नवीन नाही. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. टायटॅनियमला हाड धरून बसतं, त्यावर सगळं काम चालतं. हाड धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. 'एका दिवसात दात' ची जाहिरात बघून येणाऱ्यांना हे आधी समजावून सांगावं लागतं. विडी-तंबाखू आणि ताब्यात नसलेली शुगर ही त्याची दोन मोठी दुश्मनं. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण भोवतीची हिरडी सुजते आणि हाड झिजतं. काळजी घ्यायची नसेल तर इम्प्लांट करू नका, पैसे वाचवा.

गड्ड्यावर_भेटू

आमच्या पोराची सहा वर्षांनंतर आलेली मागची दाढ किडली. घरच्यांचं म्हणणं, दुधाची आहे, पडंल की. खरं काय?

दाढवैद्य

ती कायमची आहे! सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागं एक नवीन दाढ येते. कुठलाच दात पाडून ती येत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. ती आयुष्यभर पुरवायची असते. लवकर दाखवा, फिलिंगवर भागेल. आणि दुधाच्या दाढासुद्धा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. लवकर काढल्या की शेजारचे दात सरकतात, मग कायमच्या दातांना जागा उरत नाही आणि तारा लावायची वेळ येते.

बाळ्याची_सून

खर्चाचं कुणी बोलत नाही. दोन माणसांच्या कामात हप्ता बसवावा लागतो. स्वस्तात कुठं होतं?

चकतीवाला

सिव्हिल हॉस्पिटलला दातांचा विभाग आहे, आणि केगावला डेंटल कॉलेज आहे. कॉलेजमध्ये शिकणारी मुलं काम करतात, पण वर मोठे डॉक्टर बसलेले असतात, टप्प्याटप्प्यावर तपासतात. वेळ जास्त जातो, फेऱ्या जास्त होतात. सकाळी लवकर जा, डबा न्या. उगाच नाक मुरडू नका. शिकणारं पोरगं भीतीपोटी माप तीनदा घेतं. गडबडीत एकदाच घेतलेल्या मापापेक्षा मला ते परवडतं.

गड्ड्यावर_भेटू

थँक्यू डॉक्टर, उद्याच नेतो. आणखी एक. वडलांची कॅप ऊस सोलताना निघाली. हातात आहे, आत पिवळं सिमेंट दिसतंय. लगेच वेळ मिळत नाही. आठवडाभर तशीच बसवून ठेवली तर?

दाढवैद्य

नको, झोपेत गिळली किंवा श्वासनलिकेत गेली तर पंचाईत. धुऊन छोट्या डबीत ठेवा, कागदात नाही, कागद केरात जातो. तोवर त्या बाजूनं चावायचं नाही, उघडा दात मऊ ब्रशनं घासत राहायचं. दोन-तीन दिवसांत जमवा, उशीर होऊन शेजारचे दात सरकायला लागले तर जुनी कॅप बसत नाही.

चकतीवाला

आणि डबी डॉक्टरांकडं द्यायच्या आधी कॅप आतून खरवडू नका. ते आमचं काम.